सातवा करडा

आमच्या घराला नऊ खोल्या झाल्या, त्याआधी दोनच होत्या. दोनच असताना, एका गुरुवारी, आई पुढच्या खोलीत पाटावर बसून रंग कालवत होती. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ चौकोन, प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा सारख्याच मापाने गडद. चित्रकलेच्या फाउंडेशनच्या वर्गात पहिल्या महिन्यात सगळ्यांना हे करावं लागतं. बाकीच्यांचं वय सोळा होतं. आईचं एकोणसाठ.

त्याआधी एकतीस वर्षं ती सांगलीतल्या एका मॅचिंग सेंटरच्या काउंटरमागे उभी होती. बायका साडी घेऊन यायच्या. आई पदर हातात धरून दुकानाच्या दारात जायची, उजेडात एकदाच बघायची आणि आत येऊन शेकडो ठाणांतून नेमकं एक ओढायची. ट्यूबलाइटखाली तिने कधी रंग ठरवला नाही. नोकरी संपल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिने चित्रकलेच्या कॉलेजात अर्ज भरला. वर्गातली मुलं तिला मावशी म्हणायची आणि तिची पट्टी मागून न्यायची.

"विशू, सहावा आणि सातवा बघ गं," ती म्हणाली. "वेगळे दिसतात ना?"

मी मुद्रितं तपासत होते. तेच माझं काम. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका मी शोधते.

"छान झालंय," मी म्हणाले. मान वर केली नाही.

शुक्रवारी दुपारी, वर्गातल्या उंच स्टुलावर बसल्या बसल्या, आई गेली.

तेराव्याचे पाहुणे परतले, मी दार लावून वळले, तर खोल्या नऊ होत्या. सगळ्या एका रांगेत, एकीतून दुसरीत जायचं. पहिली इतकी पांढरी की तांब्या हाताने चाचपून शोधावा लागला. दुसरी जरा उतरलेली, तिसरी त्याहून. बाहेरचं दार फक्त पहिलीला होतं.

शेजारच्या आरवाडेवहिनी त्यांचे डबे न्यायला आल्या. आतपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

"मोठं झालं की घर."

"हो."

"केर काढायला बाई बघा आता. आणि आई सातवीत बसल्यात, अंधार आहे तिथं. पुढं आणून बसवा त्यांना."

मी सातवीत गेले. आई पाटावर होती. तिचा रंग भिंतीच्या रंगाशी तंतोतंत जुळत होता, त्यामुळे ती हलली तरच दिसायची. तिने मान वळवली तेव्हा मला तिचं नाक दिसलं.

"जेवलीस?"

"जेवले."

"खोटं बोलू नकोस. आरवाडेबाईंचे डबे भरलेलेच परत गेलेत."

मी तिला पुढच्या खोलीत चल म्हणाले. ती म्हणाली, तिथे तिला कोण बघणार, पांढऱ्यावर करडा डाग दिसेल नुसता.

चार वाजता चौगुले सर आले. ते आईच्या वर्गाला शिकवतात. काखेत हजेरीपट होता.

"शीट राहिलीय त्यांची," ते म्हणाले.

"सर, आई वारली."

"मला माहीत आहे. मीच स्टुलावरून उतरवलं त्यांना." त्यांनी घड्याळ बघितलं. "पण सबमिशन पाचला आहे. शीट नसली तर नाव कापावं लागतं."

"आणि नाव कापलं की?"

"खोल्या परत दोन."

ते रांगेतून चालत गेले, प्रत्येक खोलीत डोळे बारीक करून उभे राहिले. सहावीतून सातवीत गेले, परत सहावीत आले, पुन्हा सातवीत गेले.

"या दोन्ही एकच आहेत," ते म्हणाले. "आठच भरतात. मावशी, अहो, नजर तुमची आणि हे असं?"

"ओले होते तेव्हा वेगळे होते, सर," भिंतीतून आई म्हणाली. "दुकानातलं कापड आधीच वाळलेलं असतं. एकतीस वर्षांची सवय."

"गडद रंग वाळला की उजळतो. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंत."

"पाचपर्यंत करा," सर म्हणाले आणि पहिल्या खोलीत जाऊन बसले. तिथे त्यांचा फक्त काळा हजेरीपट दिसत होता.

आईने ब्रश माझ्या हातात दिला. "तूच कालव. माझा हात याच रंगाचा झालाय, मला फरक कळत नाही."

मी काळ्याचा एक थेंब वाढवला, कागदाच्या पट्टीवर लावला आणि पट्टी उजेडात बघायला दाराकडे निघाले. रंग दारात बघायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं. दारापर्यंत चाळीस पावलं झाली. पोचले तोवर पट्टी वाळली होती आणि सहावीसारखीच झाली होती.

दुसऱ्या खेपेला एकशे दहा पावलं झाली. तिसऱ्या खेपेला मी मोजणं सोडलं. खोल्या लांबत होत्या आणि अरुंद होत होत्या. जाताना माझे कोपर दोन्ही भिंतींना लागत होते आणि त्यांना त्या त्या खोलीचा रंग चढत होता. प्रत्येक वेळी दारात पोचायच्या आत पट्टी वाळायची.

"पाचला सात कमी," सर लांबून म्हणाले.

चौथ्या खेपेला मी निघाले तेव्हा आईने माझा पदर धरला. ती धरणारी बोटं मला दिसली.

"दारात नको नेऊस," ती म्हणाली. आईच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. "इथंच लाव. इथंच बघ."

मी तिच्या पाठीमागच्या भिंतीला रंग लावायला घेतला. वरपासून खालपर्यंत, एकसारखे, आडवे हात. भिंत गडद झाली तशी आई तिच्यातून सुटून पुढे आली. आधी खांदा. मग अंबाड्यातून निसटलेले केस, ब्लाउजला टोचून ठेवलेली सुई, अंगठ्याच्या नखात अडकलेला पोस्टर कलर. ती पुरती दिसत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती, दुकानाच्या दारात बघायची तशी.

सर सहावीच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहिले होते. त्यांनी हजेरीपट उघडला आणि पेनाचं टोपण काढलं.

"वेगळे दिसतात ना गं?" आईने विचारलं.

छान झालंय, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. वरच्या कोपऱ्यात भिंत वाळायला लागली होती. तिथला रंग उजळत खाली येत होता, आईच्या केसांपर्यंत आला होता. मी मान वर करून सहावीकडे बघितलं. मग सातवीकडे. मग आईकडे.

"आई, त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं," मी मोठ्याने म्हणाले. "न बघताच छान म्हणाले. आता बघतेय. तू जरा हलत राहा."