पेल्यातले दात

पहिला दगड पत्र्यावर पडला तेव्हा दिपमालाला वाटले, माकड असेल. दुसरा खिडकीची काच फोडून थेट टेबलावर आला. मग तिची खात्री पटली, कारण माकडे दगड टाकतील एक वेळ, पण आयमायवरून शिव्या देत टाकत नाहीत.

"ए बाई! बाहेर निंघ! लाईन चालू कर, नही तं तुनं सबस्टेशनच पेटाडी देसूत!"

तिने लोखंडी दार लोटले. कडी कधीचीच मोडलेली होती, तिच्या जागी तिने मोठा पाना अडकवला. खिडकीच्या तुटक्या काचेतून पाहिले तर आवारात पन्नासेक माणसे होती. पुढे प्रेमराज होता, त्याच्या शेजारी त्याचा पुतण्या कुंदन लोखंडी पाईप घेऊन उभा, आणि मागे बायका. बायकांमध्ये प्रेमराजची म्हातारी आई भिकुबाई डोक्यावर पदर घेऊन आली होती.

दिपमाला या सबस्टेशनची ऑपरेटर. कंत्राटावरची. नवरा धुळ्यात रिक्षा चालवतो, ही रोज देवपुरातून स्कुटीने येते, पॅनेलसमोर बसते, गावांना वीज नेणारे फिडर बंद करते, चालू करते आणि लोकांच्या शिव्या खाते. शिव्या खाणे नेमणुकीच्या कागदावर नव्हते, पण कामाचा मोठा भाग तोच होता. त्या शिव्यांचा तिला राग येत नसे. मे महिन्याचे ऊन, ठिबकवर लावलेल्या कपाशीने नुकती दोन पाने काढलेली आणि सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. असा कोंब एका दुपारी करपतो, हे तिलाही ठाऊक होते. ती काही आभाळातून पडलेली नव्हती, नेरकडच्या शेतकऱ्याचीच मुलगी होती.

"सकायले मी बठ्ठी लाईन फिरी उनू!" प्रेमराज खिडकीशी येऊन ओरडला. "तूच सांगं ना फोनवर, मानूस लाईनवर शे म्हनीसन? एक बी खांबवर मानूस नही! कोठे व्हता तो? आभायमा टांगेल व्हता का?"

आणि प्रेमराजचे बरोबर होते, हे दिपमालाला ठाऊक होते. कारण सकाळी ती खोटेच बोलली होती.

हे खोटे तिने शोधलेले नव्हते. राज्याच्या वीज आयोगाने एक नियम केला होता, आणि नियम चांगलाच होता. वीज ठरल्यापेक्षा जास्त वेळ बंद राहिली, तर कंपनीने गिऱ्हाईकाला भरपाई द्यायची. मात्र लाईनवर माणूस चढला असेल आणि त्याच्या जिवासाठी वीज बंद ठेवली असेल, तर तो वेळ त्यात धरायचा नाही. आता याला कोण नाही म्हणेल? पण नियम करणारा मुंबईत बसतो आणि पळवाट गावात फुटते. वीज कमी पडली, ट्रान्सफॉर्मर तापला, वरून बंदचा निरोप आला, काहीही असो, वरच्या साहेबांनी तोंडी सांगून ठेवलेले होते की लोकांना एकच सांगायचे, लाईनवर माणूस आहे. दिपमालाच्या आधीचे ऑपरेटर तेच सांगत, आता ती सांगत होती. उपकेंद्रात लाईनमन एकच, इसाकभाऊ, आणि ऐकणाऱ्याला वाटावे की या माणसाने खांबावरच संसार थाटलाय.

आयोगाची जनसुनावणी धुळ्यात झाली तेव्हा प्रेमराज गावातली माणसे घेऊन गेला होता. माइकवर उभा राहून त्याने विचारले, रोजच कोणी ना कोणी लाईनवर कसा? कंपनीच्या साहेबांनी शांतपणे उत्तर दिले की कर्मचाऱ्यांची सुरक्षितता आम्हाला महत्त्वाची. आयोगाचे सदस्य म्हातारे आणि सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून प्रेमराजला विचारले, "मग काय माणूस खांबावर असताना वीज सोडायची?" प्रेमराज खाली बसला. कोणी हसले नव्हते, पण त्याला सगळे सभागृह हसल्यासारखे वाटले. तो अपमान घेऊन तो घरी आला आणि त्याने तो उन्हाळाभर पोसला.

आज त्याने खोटे पकडले होते. सकाळी फोन ठेवल्याबरोबर मोटारसायकल काढून तो सगळी लाईन पाहून आला. मग गावात जाऊन त्याने माणसे गोळा केली. तेवढ्यात दुपारी वावटळ उठली, मळ्याच्या अंगाला तार तुटली आणि इसाकभाऊ खरोखरच खांबावर चढले. हे मात्र गावाने पाहिले नव्हते.

"प्रेमराजनाना, सकायले मी खोटं सांगं!" दिपमाला आतून ओरडली. ऑफिसची मराठी कुठल्या कुठे गेली आणि माहेरची बोली तोंडात आली. "आते खरं शे! तार तुटनी! इसाकभाऊ चढेल शेत!"

"रोजच चढस तो!" कुंदन म्हणाला. "सरगमा जाई राह्यना का?"

लोक हसले, आणि त्या हसण्यातच दाराला पहिली लाथ बसली.

दिपमालाने सेक्शन ऑफिसला फोन लावला. पोलिसांना कळवतो, म्हणाले. इसाकभाऊंना लावला, पण चढताना ते फोन खाली पिशवीत ठेवत. तिने पॅनेलकडे पाहिले. लाईन वेगळी तोडून ठेवणारा यार्डातला आयसोलेटर कधीचा जाम होता. तार जमिनीला जोडून ठेवायचा रॉड एकच, तोही शेजारच्या सबस्टेशनने नेलेला. इसाकभाऊंच्या जिवाची सगळी राखण पॅनेलवरच्या वितभर मुठीवर होती. ती मूठ उजवीकडे फिरली की लाईन चालू आणि इसाकभाऊ खलास.

मुठीच्या वर, पॅनेलच्या कडेला, स्टीलचा पेला होता. पेल्यात पाणी आणि पाण्यात इसाकभाऊंचे दात.

या दातांची गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. पूर्वी एकदा इसाकभाऊ गावात तारेवरचे वीजचोरीचे आकडे काढायला गेले होते. गावाने त्यांना भिकुबाईच्या अंगणात गाठून मारले. आधी हातांनी, मग काठ्यांनी, मग पडल्यावर लाथांनी. पहिला ठोसा कोणाचा होता हे गावात कोणी सांगत नाही, पण प्रेमराज तेव्हा ऐन पंचविशीत होता आणि त्याच्या उजव्या मुठीवर दाताचा वण अजून आहे. पोलीस केस झाली. मग प्रेमराजचे वडील वना आबा मध्ये पडले. गावाने वर्गणी काढली, इसाकभाऊंना धुळ्याला नेऊन कवळी बसवून दिली, आणि केस मिटली. गावानेच पाडले आणि गावानेच बसवले. इसाकभाऊ म्हणायचे, "मेरे दाँत तो पंचायतके हैं, बेटा. मी फक्त जेवायला वापरतो."

एकदा खांबावर हलकासा झटका बसला तेव्हा ती कवळी सुटून त्यांच्या घशाशी गेली होती. तेव्हापासून चढण्याआधी ते दात काढून पॅनेलवर ठेवत. लाईन बंद असल्याची हमी देणाऱ्या परमिटच्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. आले की आधी दात तोंडात, मग तोंड उघडून दिपमालाला दाखवायचे, आणि मगच ती लाईन चालू करायची. या रिवाजात आजवर कधी खंड पडला नव्हता.

दार तिसऱ्या लाथेला उघडले. पाना उडून तिच्या पोटरीवर लागला. माणसे आत घुसली, टेबल उलटे झाले, पंख्याचे पाते कोणीतरी वाकवले, खुर्ची भिंतीवर आपटून मोडली. दिपमालाने पेला उचलून पुढे धरला. "हाई देखा! दात देखा त्यासना! दात सोडीसन मानूस जेवाले जाई का घर?"

कोणी पाहिलेच नाही. कुंदनचा हात बसला आणि पेला उडाला. पाणी तिच्या तोंडावर आले, दात फरशीवर घरंगळले आणि कोणाच्या तरी बुटाखाली कचकन वाजले. मग तिने दुसरे काही केले नाही. पॅनेलला पाठ लावली, दोन्ही हात मागे घेऊन मूठ घट्ट धरली आणि मान खाली घातली.

त्यांनी तिचे केस ओढले. कोणीतरी खांद्याला धरून हिसडले, तिचे डोके पॅनेलच्या पत्र्यावर आपटले आणि कानामागून गरम काही मानेवर उतरले. ती खाली सरकली, पण मूठ सुटली नाही. ओठ फुटला, तोंडात रक्ताची चव आली. तिला फार भीती वाटत होती. आपण मरू अशी नव्हे, हात सुटेल अशी. मग कुंदनने पाईप उचलला आणि तिच्या उजव्या मनगटावर घातला. एकदा. दुसऱ्यांदा घातला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज तिच्या किंचाळण्याआधी सगळ्यांनी ऐकला.

हात सुटला. कुंदनने तिला बाजूला फेकले. प्रेमराज पुढे झाला आणि त्याने मुठीवर हात ठेवला, तोच वण असलेला.

"थांब, प्रेमराज."

भिकुबाई आत आली होती. ती फरशीवर वाकली होती, जणू घरचेच काही सांडले आहे. तिने दोन तुकडे उचलले, पदराला पुसले आणि लेकाच्या नाकासमोर तळहात उघडला. गुलाबी हिरडीवर ओळीने बसवलेले दात होते, मधोमध मोडलेले.

"ह्या तं इसाकना दात शेत," ती म्हणाली.

"माय, सरक."

"खरा दात बी मीच येचेल व्हतात, मना आंगनमाईन. तुना हातना रंगत व्हतं त्यासवर." म्हातारीचा आवाज चढला नाही. "आज ह्या बी येच्यात. आते मढं बी मनाच आंगनमा लई येशात का?"

रंगत म्हणजे रक्त, हे तिथे कोणाला सांगावे लागले नाही. प्रेमराजने मूठ सोडली, पण हात तिथेच अधांतरी राहिला, जणू तो कोणाचा तरी उसना होता. कुंदनच्या हातातला पाईप खाली पडला आणि त्या आवाजाने सगळे दचकले.

भिकुबाईने लुगड्याची किनार फाडून दिपमालाचे मनगट मोडक्या खुर्चीच्या फळीला बांधले. दवाखान्यात चल म्हटले, तर इसाकभाऊ आल्याशिवाय ती पॅनेल सोडायला तयार नव्हती. कळवलेले पोलीस आलेच नाहीत; गाव आवारात उन्हात बसून राहिले. घरी जा असे कोणी कोणाला म्हटले नाही. खांबावरचा माणूस खाली उतरेपर्यंत वाट पाहणे त्यांना पहिल्यांदाच खरे म्हणून करायचे होते, आणि ते फार जड जात होते.

ऊन कलल्यावर इसाकभाऊंची जुनी मोटारसायकल फाटकातून आत आली. गर्दी पाहून त्यांनी ब्रेक दाबला. ही गर्दी ते ओळखत होते. तरी ते उतरले, दोर आणि पक्कड पिशवीत घातली आणि सगळ्यांच्या मधून चालत आत गेले. दातांशिवाय त्यांचे तोंड आत बसलेले, गाल ओढलेले. त्यांनी उलटे टेबल पाहिले, फरशीवरचे रक्त पाहिले, दिपमालाचा हात पाहिला.

"किसने मारा, बेटा?"

ते शब्द दातांविना नीट उमटले नव्हते, तरी बाहेरच्यांनाही कळले. प्रेमराज पुढे आला. त्याने आईकडून घेतलेले दोन तुकडे तळहातावर धरले होते. "भाऊ," एवढेच तो म्हणाला.

इसाकभाऊंनी त्याच्याकडे पाहिले, मग तुकड्यांकडे पाहिले आणि ते उचलले.

"काम हो गया, बेटा. तार जोडली. चालू कर, दवाखान्यात जायचंय तुला."

दिपमाला उठली. उजवा हात गळ्याशी धरून तिने डावा हात मुठीकडे नेला, आणि थांबली.

"दात, इसाकभाऊ."

त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग शर्टाला तुकडे पुसले, एकेक करून तोंडात बसवले, खाली पडू नयेत म्हणून अंगठ्याने टाळूला दाबून धरले आणि तोंड उघडून तिला दाखवले. तिने नीट पाहिले, रोज पाहायची तसे.

मूठ फिरली. ब्रेकर धाडकन बसला. वाकलेला पंखा खडखडत फिरू लागला. मग आवारात फोन वाजू लागले, आधी एक, मग सगळ्यांचेच. विहिरीवरचे स्टार्टर मालकाला फोन करतात, आणि त्यातली बाई गोड आवाजात सांगते की आपली मोटर चालू झाली आहे. प्रेमराजचाही फोन वाजला. कोणीच उचलला नाही.

इसाकभाऊ अंगठ्याने दात धरून तसेच उभे होते. अंगठा काढला असता तर ते पडले असते, आणि या माणसांसमोर त्यांना ते पुन्हा पडू द्यायचे नव्हते.