साडेसातचं लग्न

या, जवळ सरका. पेटीवाला अजून सूर धरतोय, बुवा आत चहा घेतायत. तेवढ्यात एक आख्यान माझं ऐका. पुराणातलं नव्हे. आपल्या मुलुंडचं, आमच्याच मजल्यावरचं.

श्वेता परब मॉलमध्ये बायकांच्या लांब पायमोज्यांच्या काउंटरवर उभी राहते. स्टॉकिंग म्हणतात त्यांना. आमच्या शाळेत डिसोझा टीचर घालायच्या, पोटरीवर मागे सरळ शिवण असलेले. फळ्याकडे वळण्याआधी हळूच वाकून ती शिवण नीट करायच्या. "काकू, ती शिवण आता नुसती शोभेला छापतात," श्वेता मला सांगायची. आता जाळीचे निघालेत, मोती लावलेले, घोट्यापासून काळी वेल वर चढत जाणारे. आणि दुकानाचा नियम असा, की विकायचा माल विकणारीच्या पायात दिसलाच पाहिजे.

अडचण एकच, जोडवी. जोडव्याची कड लागली की धागा निसटतो आणि रेघ सरसर गुडघ्यापर्यंत पळते. पहिल्याच महिन्यात चार जोड फाटले. मग ती रोज सकाळी मॉलपाशी उतरली की जोडवी काढून नवऱ्याच्या हातात द्यायला लागली. दुकानातल्या लॉकरवर तिचा भरवसा नव्हता.

हे मला कसं कळलं, तर एकदा संध्याकाळी किराणा घेऊन मी मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर पडत होते. बघते तर एका खांबाशी तिचा नवरा सुयोग खाली मांडी घालून बसलाय, श्वेताचा उघडा पाय गुडघ्यावर घेतलाय आणि मान वाकडी करून तिच्या बोटात जोडवं सरकवतोय. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, बोटं ग्रीसने काळी.

मला पाहून श्वेताने पाय ओढला. तो मात्र हलला नाही.

"काकू, आईला बोलू नका हां. ती माझी वाट लावेल."

"अरे, पण तू कशाला? तिला हात नाहीत?"

"लोकांचं लग्न एकदा लागतं काकू. माझं रोज साडेसातला."

"गप रे," श्वेता म्हणाली. "दुसरा पाय राहिलाय."

मी हसले आणि बोलणार नाही असं कबूल केलं. त्याची आई रत्नप्रभाबाई आमच्या भजनी मंडळातल्या, मालवणकडच्या. एकादशीला पाण्याचा घोट घेतानाही विचार करणारी बाई. सुनेच्या कपाळावर टिकली नसली तर जेवणाचं पान मांडायची नाही.

गेल्या माघात, दुपारी, कांजूरला एका इमारतीत काम करताना सुयोग जिन्यावर बसला तो उठलाच नाही. अडतीस वर्षांचा. मी रत्नप्रभाबाईंना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. श्वेता दुकानातून तशीच धावत आलेली, काळा स्कर्ट, पायात ते वेलीचे मोजे. डॉक्टर सांगून गेले. मग एक नर्स कागद घेऊन आली आणि त्याच्या खिशातलं सामान वाचायला लागली.

"घड्याळ एक. मोबाइल एक. पाकीट. जोडवी, दोन नग."

रत्नप्रभाबाईंनी मान वर केली. आधी कागदाकडे पाहिलं, मग सुनेच्या पायांकडे. झिरझिरीत मोज्यातून बोटं दिसत होती, जोडव्याच्या जागी नुसता पांढरा वळ.

"मोज्यात अडकतात, आई," श्वेता म्हणाली. "फाटतात म्हणून..."

"सकाळी तू काढलंस," रत्नप्रभाबाई सावकाश म्हणाल्या. "आणि दुपारी ह्यो गेलो."

एवढंच. आवाज चढला नाही. श्वेता भिंतीला धरून खाली बसली. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी गप्प राहिले. देव साक्षी आहे, मी गप्प राहिले.

संध्याकाळी त्याला घरी आणलं. न्यायच्या आधी सौभाग्यलेणी उतरवायला बायका श्वेताभोवती बसल्या. सुयोगच्या मावशीने तिच्या पायातले मोजे ओढून काढले आणि तिचे हात थांबले.

"अगो, हिची जोडवी खंय? घोव जितो आसताना काढलंस?"

खोलीत कुजबूज सुरू झाली. श्वेता मान खाली घालून होती. आपणच मारलं हे तिने दुपारीच मनाशी कबूल करून टाकलं होतं, तिच्या तोंडावर ते दिसत होतं. फक्त सासूने आता चारचौघांत सांगायचं बाकी होतं.

रत्नप्रभाबाई मुलाच्या उशाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मीच सांगितलंय तिका काढूक. कामावर मोजे घालूचे लागतत. कोणाक काय इचारूचा आसा, तर माका इचारा."

मावशीने हात मागे घेतला. मग कोणी श्वेताच्या अंगाला हात लावला नाही.

कीर्तनात ऐकत आलोय, खोट्या शब्दाने गाठीचं पुण्य जळतं. रत्नप्रभाबाईंनी जन्मभर जमवलं होतं. त्यातलं त्या दिवशी किती जळलं, मला सांगता येणार नाही. मला वाटतं, त्यांनी हिशोब करूनच पेटवलं.

तेराव्यानंतर माझ्याने राहवेना. जाऊन सांगितलं, "बाई, मला ठाऊक होतं. मी बघितलं होतं त्याला." वाटलं, आता मला बोलतील.

त्या उठून माझ्याजवळ सरकल्या.

"तू बघितलंस? कसो बसलो होतो?"

"मांडी घालून."

"हसत होतो?"

"हसत होता हो."

"माका दाखव खंय तां."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. मॉलमध्ये बाईंनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तो खांब दाखवला. त्यांनी त्याखालच्या फरशीवर हात फिरवला आणि ती पदराने पुसली.

श्वेता महिन्याने कामावर गेली. आता सकाळी काढून द्यायला जोडवीच नाहीत. तिचा एकही मोजा फाटत नाही. दुकानात त्याबद्दल तिचं कौतुक झालं म्हणे. हे तिने मला सांगितलं आणि चेहरा फिरवला.

आणि सुटायच्या वेळी रत्नप्रभाबाई रोज त्या पार्किंगमध्ये उभ्या असतात. तिथल्या गुळगुळीत फरशीवर पाय सरकतो, म्हणून चपला काढून हातात धरतात. गाड्या हॉर्न देतात, बाई हलत नाहीत. श्वेता आली की तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतात आणि दोघी घरी येतात.

हे बघा, बुवा आलेच. आरतीचं तबक तुमच्यापुढे येईल, ज्योतीवर हात धराल, तेव्हा आपल्या माणसांसोबत एक नाव माझ्यासाठी घ्या. सुयोग धोंडू परब. बाकी काही मागू नका, नुसतं नाव घ्या.