शिळेवरचं नववं नाव

बाबा मार्चमध्ये गेले, नदीवरचा बर्फ फुटायच्या आधी. जुलैत मोरिसो कुटुंबसंघाच्या मादाम फेर्नांदचा फोन आला. मूळ पूर्वजांची स्मारकशिळा आली होती, सोमवारी पाथरवट अक्षरं कोरायला घेणार होता. वर तुसँ मोरिसो आणि त्याची बायको पेरीन, खाली त्यांची आठ मुलं. आठच, असं तिने दोनदा सांगितलं. तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, आणि त्यामुळेच ते मला जास्त लागलं.

तुसँ मोरिसो फ्रान्सहून आला आणि ऑर्लेआँ बेटावर त्याला नदीपासून वर जंगलापर्यंत जाणारी जमिनीची एक लांब पट्टी मिळाली. आधी ती कुणाची होती हे जमिनीच्या कागदात नाही. आज क्युबेकमधले बहुतेक मोरिसो त्याच्याच पोटचे. आम्हीही मोरिसोच, पण कुणाचे, हे कधी ठरलं नव्हतं.

आमच्याकडे वंशाचा माग लग्नांवरून काढतात. चर्चच्या नोंदीत नवरानवरी दोघांच्याही आईबापांची नावं असतात. त्यामुळे एका लग्नावरून त्याच्या आधीच्या लग्नावर असं शिडीसारखं चढत जाता येतं. बाबा भराभर वर चढले आणि उर्बँपाशी येऊन अडकले. १७३१ साली नदीच्या दक्षिण काठावरच्या एका गावात उर्बँ मोरिसोचं लग्न मार्गरित-जोझेत गिमाँशी झालं. पाद्र्याने नवरीचे आईबाप लिहिले. नवऱ्यापुढे फक्त ‘या गावचा रहिवासी’. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद कुठेच मिळत नव्हती. तो तुसँचा मुलगा असू शकत होता, तसाच धन्याचं आडनाव लावणारा अनाथ पोरगा किंवा पलटणीतून पळालेला शिपाईही.

दर ऑगस्टमध्ये मोरिसो कुटुंबसंघाचा मेळा बेटावर भरतो. वंशजांना निळी फीत, पाहुण्यांना पांढरी. बाबांनी वीसेक वर्षं पांढरी फीत लावली. पुराव्यांचं खातं मादाम फेर्नांदकडे होतं आणि ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. जेवणाच्या मांडवात बाबा ‘स्ट्रॉबेरी पाय’चा दुसरा तुकडा मागायचे.

“पाहुण्यांना एकच,” ती म्हणायची.

“मग हा पाहुणा म्हणून घेतो. दुसरा घरचा म्हणून वाढ.”

“घरचा आहेस हे आधी कागदावर दाखव, आल्देरिक. मग अख्खा स्ट्रॉबेरी पाय ने.”

दोघांनाही हे भांडण आवडायचं, असं मला वाटायचं. पण परतीच्या वाटेवर गाडीत बाबा गप्प असायचे. अंत्यविधीच्या दिवशी फेर्नांद माझा हात धरून म्हणाली होती, की पुरावा आण, नाव मी स्वतः घालते. ते सांत्वन होतं की आव्हान, मला कळलं नाही.

फोन आला तो दिवस गुरुवार होता. मी शिकवते त्या कॉलेजला सुट्टी होती, आणि घरात बसणं शक्य नव्हतं. मी तडक शहरातल्या अभिलेखागारात गेले. तिथे जाऊन करायचं काय, हे मात्र ठरलं नव्हतं. लग्नाच्या नोंदी बाबांनी नदीच्या दोन्ही काठांवर वाचून संपवल्या होत्या. जमिनीच्या कागदांकडे ते फिरकले नव्हते. कुणी काय विकलं ते त्यात कळतं, कुणाच्या पोटी कोण जन्मलं ते नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय उर्बँने बेटावर कधी काही विकत घेतल्याचं सूचीत नव्हतंच. मलाही ते पटत असे.

तरी मी तुसँच्या पट्टीचे कागद मागवले. दुसरं वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच कारण. कुटुंबसंघाच्या पुस्तिकेत फेर्नांदने लिहिलं आहे, की ही जमीन एक दिवसही मोरिसोंच्या हातून सुटली नाही. मी ते वाक्य खरं धरून चालले होते. दुपारी १७३४ सालचं एक विक्रीपत्र समोर आलं आणि ते वाक्य खोटं ठरलं. तुसँच्या थोरल्या मुलाने, जाँ-बातिस्तने, बापाकडून आलेली सगळी पट्टी शहरातल्या एका कातड्याच्या व्यापाऱ्याला विकली होती. सरळ विक्री, साक्षीदारांसह.

मी खुर्चीत ताठ बसले. १७३६च्या कागदात तीच जमीन पुन्हा जाँ-बातिस्तच्या मुलाच्या नावावर होती. मधे व्यापाऱ्याने ती कुणाला विकल्याचा कागदच नव्हता. मग ती परत आली कशी?

उत्तर कागदाआधीच माझ्या डोक्यात आलं, आणि ते खरं नसलं तर, याची मला भीती वाटली. त्या काळी इथे पॅरिसचा कायदा चालायचा. वाडवडिलांकडून आलेली जमीन परक्याला विकली गेली, तर विकणाऱ्याच्या रक्ताचा माणूस एक वर्ष आणि एक दिवसाच्या आत तीच किंमत मोजून ती सोडवून घेऊ शकायचा. खरेदीदाराला नाही म्हणता येत नसे. पण माणूस रक्ताचाच लागायचा, आणि जमीन ज्या बाजूने आली त्याच बाजूचा. जावई, साडू, जिवलग मित्र, कुणी चालत नसे. असा दावा न्यायालयात करावा लागे. म्हणजे बाबा जिथे कधी गेले नव्हते ते न्यायालयाचं दप्तर अजून वाचायचं शिल्लक होतं.

शुक्रवारी दार उघडायच्या आधी मी पायरीवर उभी होते. कारकुनाचं अक्षर भयंकर होतं, पण घाईत लिहिणाऱ्या माणसांची सवय मला विद्यार्थ्यांच्या वह्यांनी लावली आहे. अकराच्या सुमाराला दावा सापडला. पैशांची थैली सगळ्यांसमोर उघडी धरून जमीन परत मागणारा इसम: उर्बँ मोरिसो, दक्षिण काठावरचा रहिवासी, मार्गरित-जोझेत गिमाँचा नवरा.

मी तोंडावर हात धरला. अभिलेखागारात ओरडायचं नसतं.

एवढंच असतं तरी मी नाचले असते. पण पुढच्या पानावर व्यापारी उभा राहिला होता. त्याला जमीन सोडायची नव्हती, म्हणून त्याने तोच प्रश्न विचारला जो फेर्नांद आम्हाला इतकी वर्षं विचारत होती: हा कुणाचा कोण? बाप्तिस्म्याची नोंद दाखवा. उर्बँकडे नोंद नव्हती. मग न्यायाधीशाने बेटावरच्या एका म्हाताऱ्या विधवेला बोलावलं. तिने शपथेवर सांगितलं, की पेरीनचं हे शेवटचं बाळंतपण मीच केलं. तेव्हा नदीतला बर्फ फुटत होता आणि पाद्र्याला बेटावर येता येत नव्हतं. पोर जगेलसं वाटत नव्हतं, म्हणून बाप्तिस्म्याचं पाणी मीच त्याच्या डोक्यावर घातलं. पुढे ते कुणी लिहून घेतलं नाही. खाली निकाल होता. उर्बँ हा तुसँचा औरस मुलगा आणि विकणाऱ्याचा सख्खा भाऊ ठरतो. जमीन त्याला द्यावी.

त्या व्यापाऱ्याने मुकाट्याने पैसे घेतले असते, तर म्हातारीला कुणी काही विचारलंच नसतं. मी हात जोडून त्या लोभी माणसाचे आभार मानले. मग बाबांना फोन करायला पिशवीत हात घातला, आणि तसाच काढून घेतला.

नकलांची गुंडाळी घेऊन संध्याकाळी मी पूल ओलांडून बेटावर गेले. फेर्नांद स्वयंपाकघरात स्ट्रॉबेरी निवडत होती. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि मला बसही न म्हणता वाचायला लागली.

उर्बँ नावाचे दोघे असतील, ती म्हणाली. मी लग्नाची नोंद शेजारी ठेवली. दोघांचीही बायको मार्गरित-जोझेत गिमाँ असायला फारच योगायोग लागला असता. मग म्हातारी खोटं बोलली असेल, किंवा न्यायाधीशाला कुणी पैसे चारले असतील, तिने पुढची शंका काढली.

“चारले असते तर व्यापाऱ्याने,” मी म्हणाले. “आणि हरला तोच.”

 दाव्याला जोडलेला शेवटचा कागद तिने स्वतःच ओढून घेतला. वर्षभराने उर्बँने ती पट्टी एका पैचाही नफा न घेता जाँ-बातिस्तच्या मुलाला देऊन टाकली होती. जाँ-बातिस्तचा मुलगा म्हणजे फेर्नांदचा पूर्वज. हे घर त्याच पट्टीवर उभं आहे. खिडकीतून दिसणारी स्ट्रॉबेरीची शेतंही.

तिने तो कागद दोनदा वाचला.

“ओदिल,” ती म्हणाली, “तो नसता तर आज इथे कातड्याच्या दुकानदाराची पतवंडं राहत असती.”

“पुस्तिकेतलं वाक्य बदलावं लागेल.”

“वाक्य मरू दे. तुझा बाप त्याच्याच माणसाने सोडवलेल्या जमिनीवर पाहुणा म्हणून बसायचा, आणि मी त्याला एक तुकडा वाढून टेचात फिरायचे.” ती चष्मा पुसायला लागली. “एकदा तरी माझ्यावर खरं रागवायचं होतं त्याने.”

ते रागवायचे, पण गाडीत. हे मी तिला सांगितलं नाही.

तिने पाथरवटाला फोन लावला. सगळी आखणी आठ नावांची झालीय, नववं घातलं तर मांडणी बिघडेल, असं त्याचं म्हणणं मलाही ऐकू येत होतं. मग बिघडव, ती म्हणाली. त्याने जन्मतारीख विचारली, कारण बाकीच्यांपुढे ती होती. फेर्नांदने माझ्याकडे पाहिलं. बर्फ फुटण्याचे दिवस, एवढंच आम्हाला माहीत होतं.

“तारीख नाही,” ती फोनमध्ये म्हणाली. “बायकोचं नाव घाल. तिच्यावरूनच सापडला तो.”

पलीकडून काहीतरी पुटपुटणं आलं.

“मग सगळ्यांच्याच जोडीदारांची नावं घाल. हो, सगळ्यांच्या. बायका काय शेतात उगवल्या होत्या? शिळा मोठी आहे आणि तुला काम हवंच आहे. कागद घे, मी सांगते.”

ती एकेक जोडी सांगत गेली, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून. जाँ-बातिस्तपासून आठही झाले. मग तिने फोन माझ्यापुढे धरला आणि पुन्हा स्ट्रॉबेरीकडे वळली, जणू आता तिचं काही काम उरलं नव्हतं.

पाथरवट म्हणाला, बोला मादाम, नववं.

मी उर्बँ म्हटलं. आवाज नीट निघाला. मग मोरिसो, आणि मार्गरित-जोझेत गिमाँ. त्याने ते परत वाचून दाखवलं आणि बरोबर आहे का विचारलं. मी बरोबर आहे म्हणाले, आणि आणखी एकदा वाचायला सांगितलं.