विक्रीची तारीख

भिवाने फॉर्म फिरवून बुद्धभूषणपुढे सरकवला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"इथं वहिनींची सही."

"ती मार्चमध्ये गेली."

"माहितेय ओ. म्हणून तर तुम्हीच करा."

लालबागच्या फुटपाथवर भिवाचं टेबल होतं. गाड्या नावावर करून द्यायचं काम तो करायचा. शंभर सीसीची ही मोटारसायकल बुद्धभूषणच्या बायकोच्या, मायाच्या नावावर होती. पालिकेच्या दवाखान्यात माया आरोग्यसेविका होती; अकरा वर्षं या गाडीवरून चाळी फिरली होती.

शेजारी आकांक्षा उभी होती. त्यांच्याच चाळीतली. सोमवारपासून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम तिला मिळालं होतं, पण गाडी स्वतःची हवी होती. शोरूममधली सगळ्यात लहान गाडीसुद्धा रस्त्यावर येईपर्यंत पाऊण लाखाच्या वर जात होती. बुद्धभूषणने वीस हजार सांगितले होते.

"सरळ केलं तर?" त्याने विचारलं.

"मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, दोन महिने हेलपाटे. वर खर्च आठ-दहा हजार. मग पोरीला काय स्वस्त पडलं? ओटीपी वहिनींच्या फोनवर येईल. चालू आहे ना?"

"चालू ठेवलाय."

"राहू द्या काका," आकांक्षा म्हणाली. "मी लॅबवाल्यांना सांगते, दोन महिन्यांनी कामावर येते."

"आणि ते थांबतील?" भिवा हसला. "लाइन लागलीय ताई तिकडे."

बुद्धभूषणने सही केली. तिच्यासारखीच, शेवटचं अक्षर खाली ओढून.

"आता तारीख. त्या होत्या तेव्हाची, कुठलीही टाका. उशिराचा दंड भरू."

पेन कागदावर थांबलं. फेब्रुवारीत तिच्या हाताला सुई होती. जानेवारीत तिला चमचा धरवत नव्हता. त्याच्या आधी चैत्यभूमीवर तो पहिल्यांदाच एकटा जाऊन आला होता. घरात पाऊल टाकलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, गाडी आकांक्षाला देऊन टाकू, मीच शिकवलंय तिला. तो चपला न काढताच ओरडला होता, "मरायची एवढी घाई झालीय का तुला?" नंतर तिने गाडीचं नाव काढलं नाही.

त्याने तारीख लिहिली. भिवाने फॉर्म ओढून वाचला.

"सहा डिसेंबर? त्या दिवशी आपल्यात कोण व्यवहार करतं?"

"तिनं केला होता," बुद्धभूषण म्हणाला. "मी होऊ दिला नाही."