शेवटचं कडवं

भोंग्याचं गाणं रेडिओवर लागणार, ही बातमी त्याच्या आईनेच गल्लीभर केली. एरवी ती त्याच्या रॅपला बडबड म्हणायची. पण या गाण्यात तिचा थोरला होता. कारखान्यात बॉयलर फुटून सात जण गेले, त्यात तोही गेला. ही माणसं ठेकेदाराची, आमची नव्हेतच, असं म्हणून मालकाने हात झटकले. पेपरातही ‘काही कामगार’ एवढंच आलं. म्हणून भोंग्याने सातही नावं शेवटच्या कडव्यात घातली. कारखान्यापुढच्या कामगारांच्या गेटसभांमध्ये तो असंच करायचा. आधी लोकांना तापवायचं, मग एकेका ठोक्याला एकेक नाव, आणि शेवटी संगीत बंद. सभा सुन्न व्हायची.

त्याने मोबाईलवर ऐकवतो म्हटलं, तर आईने साफ नकार दिला.

“त्याचं नाव मला माहीत आहे,” ती म्हणाली. “ते जगाने घेतलेलं ऐकायचंय मला.”

त्या सकाळी शेजारणी दाराशी येऊन बसल्या. निवेदिकेने भोंग्याची तोंड भरून ओळख करून दिली. दोन कडवी झकास झाली. मग गाण्याचा आवाज हळूहळू खाली गेला आणि त्यावर निवेदिका हवापाण्याचं बोलू लागली. शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. आई रेडिओकडे बघत राहिली.

भोंग्याने तणतणत स्टेशनला फोन लावला. पण कुणी मुद्दाम काही कापलंच नव्हतं. निवेदिकेने ते कडवं ऐकलंसुद्धा नव्हतं. गाणं कुणाचंही असो, तीन मिनिटांनंतर त्याचं शेपूट निवेदनाखाली जातंच, असं तिने गोड आवाजात समजावलं. एवढ्या सभा गाजवणाऱ्या शहाण्याला एवढं ठाऊक नव्हतं! कुणी दुष्ट सापडला असता, तर निदान चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

आणि नावांवाचूनचं ते गाणं चाललं, नको इतकं चाललं. सलूनमध्ये, जिममध्ये, कॉलेजच्या नाचात. कारखान्याच्या वार्षिक समारंभात मालकानेही म्हणे त्यावर ताल धरला. भोंग्याला ठिकठिकाणची बोलावणी येऊ लागली आणि प्रत्येक बोलावण्यागणिक त्याला स्वतःची जास्तच लाज वाटू लागली. त्याने नावं सुरुवातीला घेऊन गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. सुरुवात फार जड वाटते, असं सांगून स्टेशनने ते परत पाठवलं.

तेव्हा मात्र त्याचं डोकं फिरलं. आता जुनंही वाजवू नका म्हणून कळवतो, असं त्याने आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“नको,” ती म्हणाली. “वाजू दे. ते लागलं की त्याचं नाव अजून यायचं असतं.”

भोंग्याने मोबाईल खिशात ठेवला. दुपारी गाणं लागलं. दुसरं कडवं संपून आवाज खाली जाऊ लागला, तशी आई गुडघ्यांवर हात देत उठली आणि तिने रेडिओच्या आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. घरभर निवेदिका मोठमोठ्याने बोलू लागली.