शेवटच्या कडव्यातले नाव

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. आमच्या भागात मला पोंगा म्हणतात. मागे निमुळता, पुढे पसरट, धोतऱ्याच्या फुलासारखा माझा आकार. तुम्ही मला रिक्षावर पाहिले असेल. "चादरी घ्या, सतरंज्या घ्या" असे गल्लोगल्ली ओरडणारा तो मीच, नाहीतर माझा कोणी भाऊबंद.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. पत्रा गोल पिळून माझे तोंड घडवले आणि मागे एक युनिट बसवले. त्या युनिटात पातळ पडदा असतो. माइकसमोर कोणी बोलले की पडदा थरथरतो, आणि तो थरथरला की मी बोलतो. माझे स्वतःचे असे बोलणे नाही. घाटंजीच्या पूनमसिंगने मला नागपूरहून बसच्या टपावर बांधून आणले. उतरवताना हात सुटला आणि माझ्या कडेला पोचा पडला. तो पोचा अजून आहे. पूनमसिंगने माझ्या तोंडाला आतून निळा रंग दिला आणि मी कामाला लागलो.

लग्ने बोललो. पोलिओच्या डोसाची हाक दिली. हरवलेल्या बैलाचा रंग आणि शिंगे सांगितली. तेव्हा मला वाटायचे, भोंग्याचे काम म्हणजे लहान आवाज मोठा करणे. मग एका दुपारी मी बाबारावांचा गळा ऐकला आणि माझी ती समजूत मोडली.

घाटंजीपासून जवळच एक गाव आहे. तिथल्या विहारासमोर मोठा कडुलिंब आहे. त्याच्या फांदीला पूनमसिंगने मला बांधले होते. बाबाराव त्याच गावचे. दिवसा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे आणि काम सुटले की गायचे. ते माइकपुढे आले आणि पूनमसिंगला म्हणाले, "माइक मांगं घे."

"काहून भाऊ? आवाज नाही जाणार."

"जाईन. तू मांगं घे."

पूनमसिंगने माइक दोन हात मागे सरकवला. बाबारावांनी डोळे मिटले आणि सूर लावला. मित्रांनो, कसे सांगू? माझ्या कडेवर साचलेली धूळ नाचू लागली. खाली ठेवलेल्या बादलीतले पाणी शहारले. पूनमसिंगने घाईघाईने मशीनचे बटण खाली फिरवले, तरी आवाज भरूनच येत होता. गावाच्या फाट्यावर बस उभी होती. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर होता, पण कडवे संपेपर्यंत त्याने दोरी ओढली नाही. आतल्या एकाही माणसाने कुरकुर केली नाही. त्या दिवशी मला प्रथम वाटले, की मी या आवाजाला मोठे करत नाही, हाच मला मोठे करतो आहे.

पुढे दारव्ह्यापासून वणीजवळच्या राजूरच्या खाणीपर्यंत आम्ही फिरलो. जिथे बाबाराव, तिथे मी. आमच्याकडच्या गाण्यांत एक रीत आहे. गाणे ज्याने बांधले, त्याचे नाव शेवटच्या कडव्यात येते. गाणारा दुसरा असला तरी बांधणाऱ्याचे नाव गाळत नाही. बाबाराव ही रीत फार मानायचे. मेलेल्या, विसरलेल्या माणसांची नावे ते अशी घ्यायचे की तो माणूस समोर येऊन बसला आहे असे वाटावे.

त्याच गावात कौसल्याबाई राहते. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते. वेचता वेचता तिने एक गाणे बांधले होते. विहारात वंदना झाली की बायकांमध्ये ती ते म्हणायची.

डोईची चुंबळ काढली मायनं,
मान वर करून पाह्यलं मायनं.

बाबारावांनी ते ऐकले आणि तिथेच उभे राहिले. म्हणाले, "बाई, हे गाणं मले दे. मी याले गावोगाव नेतो."

कौसल्याबाई हसली. "घे न भाऊ. गाणं का मी बांधून ठेवीन घरात? फक्त शेवटचं कडवं जपजो."

तुम्हांला ते शेवटचे कडवे सांगतो.

कौसल्या म्हणे, ओझं उतरलं,
लेकराचं नाव पाटीवर उमटलं.

पुढच्या वेचणीला, विहारातल्या एका कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी, बाबारावांनी माइक तपासायला तेच गाणे गायला घेतले. मी कडुलिंबावर होतो. विहारामागे लगेच शेत लागते. तिथे बायका वेचत होत्या, त्यात कौसल्याबाई आणि तिची मैत्रीण रुपीबाई. माझ्यातून पहिली ओळ निघाली तशी रुपीबाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "कौसल्ये, पाह्य व! पोंगा तुहं गाणं गाऊन राह्यला! आता तू मोठी झाली, आमच्याशी बोलशीन का नाही?"

सगळ्या हसल्या. कौसल्याबाईने पदराने तोंड झाकले, पण तिचे डोळे माझ्याकडे होते. मग शेवटचे कडवे आले.

"बाबाराव म्हणे," असे मी बोललो.

हसू थांबले. रुपीबाईचा हात कमरेवरून खाली आला. एकेक बाई वाकली आणि कापूस वेचू लागली. कौसल्याबाई सगळ्यात शेवटी वाकली.

मित्रांनो, बाबारावांनी असे का केले? ते मला आजही ठाऊक नाही. कोणी म्हणाले, लोकांच्या टाळ्यांनी डोके फिरले. कोणी म्हणाले, स्वतःचे एक गाणे बांधता आले नाही याची आग होती. मी झाडावर होतो, त्यांच्या मनात नव्हतो. मला एवढेच कळे, की ते नाव त्या जागी बसत नव्हते. 'कौसल्या' जिथे अलगद बसायची, तिथे 'बाबाराव' कोंबावे लागे, आणि ढोलकी वाजवणाऱ्या संघदीपला एक ठोका गाळावा लागे.

तेच गाणे सगळ्यात गाजले. मोबाइलमध्ये गेले, लग्नांत गेले. काही वर्षांनी गावाने बाबारावांचा सत्कार ठेवला. शाल झाली, हार झाले. तेवढ्यात बायकांमधून कौसल्याबाई उठली. तिच्यापुढे माइक नव्हता, तरी तिचा शब्द सगळ्यांना ऐकू गेला.

"भाऊ, शेवटचं कडवं एकडाव म्हण बरं. पण खरं म्हण."

बाबारावांच्या कपाळाची शीर तटतटली. "बाई, कापूस वेचणं वेगळं अन् गाणं बांधणं वेगळं. तुह्या हातचं काम नोहे ते."

मित्रांनो, माइक चालू होता. ज्या गळ्याने बसची घंटी थांबवली, त्याच गळ्यातून हे वाक्य आले, आणि मी ते घराघरात नेऊन पोचवले.

संघदीपने मांडीवरची ढोलकी खाली ठेवली. "भाऊ, ते नाव तिथं बसतच नाही. इतकी वर्सं मी एक ठोका गिळून राह्यलो." एवढे बोलून तो उठून गेला. त्याच्यामागे मांडव रिकामा झाला.

त्यानंतर बाबारावांना कोणी बोलावले नाही. सत्काराच्या बातमीऐवजी गावोगाव ही बातमी फिरली. त्यांचा फोटो काही घरांतून उतरला. पण गंमत अशी, की तीच माणसे दार लावून मोबाइलवर त्यांची गाणी ऐकत. गळा हवा होता, माणूस नको होता. एकदा शेतात कोणाच्या मोबाइलवर त्यांचे जुने गाणे लागले. रुपीबाई ते बंद करायला धावली, तर कौसल्याबाईनेच तिला अडवले. "राहू दे व. असा गळा कुठं भेटते?"

हळूहळू माझेही दिवस गेले. स्पीकरचे माणसाएवढे डबे आले, छाती हादरवणारे. पूनमसिंगने मला टिनाच्या छपरावर टाकले. माझ्या निळ्या तोंडात गांधीलमाश्यांनी पोळे केले.

यंदा वेचणीच्या दिवसांत बाबाराव गेले. रुईची धूळ छातीत बसली होती. शेवटी शेवटी बोलायलाही धाप लागायची म्हणतात. त्यांची मुलगी दीपा पूनमसिंगकडे आली. म्हणाली, "काका, बाबाच्या शोकसभेले मोठे डबे नको. बाबा पोंग्यातच गायचे." पूनमसिंगने छपरावर चढून पोळे काढले, त्यात दोन डंख खाल्ले, आणि फडक्याने मला पुसले. कितीतरी वर्षांनी मी त्या कडुलिंबावर चढलो.

खाली फोटोजवळ मेणबत्त्या होत्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसे बसली होती, पण थोडीच. निम्मे गाव घरी थांबले होते. झाडाच्या ओट्यावर कौसल्याबाई होती. दीपा तिच्यापुढे येऊन बसली.

"मावशी, बाबाले गाण्याशिवाय कसं लावू वाटेले? ते चुंबळीचं म्हण न."

"म्हणीन. पण नाव माहंच घेईन."

दीपाचा चेहरा उतरला. "आज? सगळ्यायसमोर? त्यायच्या फोटोपुढं?"

"आजच, बाई. आज त्याचं नाव घेतलं तं हे गाणं कायमचं त्याचं होईन. मी मेल्यावर कोण सांगीन?" कौसल्याबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अन् नाही म्हणायचं असन, तं सांग. मी उगी बसतो. राग नाही."

दीपाने वडिलांच्या फोटोकडे पाहिले. मग उठून तिने स्वतः माइक आणला आणि कौसल्याबाईच्या हातात दिला. "घे तुहं नाव. मी मांगून सूर धरीन."

कौसल्याबाई आधी बोलली. "माहं गाणं यानं गावोगाव नेलं, अन् माहं नाव घरीच ठेवलं. हे खरं हाय. पण याच्यासारखं गाता मले येत नाही. कोणालेच येत नाही. हेही खरं हाय."

मग ती गाऊ लागली. आवाज बारीक, थोडा चिरका. माझ्या कडेवरची धूळ हलली नाही. पण घरांची दारे उघडली. थांबलेले निम्मे गाव एकेक करून झाडाखाली आले. संघदीप ढोलकी घेऊन पुढे सरकला. शेवटचे कडवे आले तेव्हा माझा पत्रा जणू श्वास रोखून होता.

कौसल्या म्हणे, ओझं उतरलं.

नाव अलगद जागेवर बसले. संघदीपचा एकही ठोका गळला नाही. मागून दीपाने ओळ उचलली, आणि मित्रांनो, त्या पोरीच्या गळ्यात तोच सूर होता. माझी धूळ नाचली. विहारामागच्या शेतात रुपीबाई आणि तिच्या सोबतिणी वाकून वेचत होत्या. नाव ऐकताच त्या ताठ उभ्या राहिल्या, आणि गाणे संपेपर्यंत एकही वाकली नाही.

मी आता पुन्हा छपरावर आहे. गांधीलमाश्या पुन्हा येतील, येऊ देत. मला पुसून ठेवा असा माझा हट्ट नाही. एवढेच मागतो, की एखाद्याचे गाणे तोंडात घ्याल तेव्हा ते पुरते गा. घाईत, लाजेने किंवा टाळ्यांच्या मोहाने शेवटचे कडवे गाळू नका. तिथे कोणीतरी उन्हात वाकून आपल्या नावाची वाट पाहत असते.