उतरलेले अकरा किलो

पुतणीच्या लग्नात फोटो काढायच्या वेळी सोपान सगळ्यांदेखत बायकोला म्हणाला, "संजीवनी, तू मागं हो. पुढं तू आलीस तर आमी कुणी दिसायचं न्हाय." मांडवातली माणसं हसली. संजीवनीही हसली आणि मागे जाऊन उभी राहिली. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. आतून काहीतरी बधिर झालं आणि तसंच राहिलं.

महिन्याभराने ती बारामतीत बायकांच्या व्यायामवर्गाला जायला लागली. सकाळी गवार तोडायची, घरचं आवरायचं आणि दुपारी स्कुटीवरून सांगवीहून निघायचं. शिकवणारी सुप्रिया दर सोमवारी काट्यावर उभं करायची. आठ महिन्यांत अकरा किलो उतरले. वर्गातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सोपान जेवताना म्हणाला, "आता बरी दिसतीस." संजीवनीने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

कपाटाच्या आरशात मात्र तिला तीच बाई दिसायची, तेवढीच मोठी. एसटीत बाकड्यावर ती अजून अंग चोरून कडेलाच टेकायची.

"अजून पाच किलो जाऊ द्या ताई, मग बघा कसं वाटतंय," सुप्रिया म्हणाली.

"अकरानं न्हाय वाटलं, ते पाचानं वाटंल व्हय?"

सुप्रियाने कोपऱ्यातली लोखंडी वजनं पुढे ओढली. "मग उतरवायचं राहू द्या. उचलून बघा."

संजीवनी उचलायला लागली. दुसरं काही करायचं नव्हतं म्हणून.

पुढच्या महिन्यात सासू न्हाणीघरात घसरून पडली. सोपान माल घेऊन मार्केटला गेला होता. द्वारकाबाई चांगल्या अंगापिंडाच्या, त्यात ओल्या लुगड्यात. संजीवनी गुडघ्यात वाकली, दोन्ही हात त्यांच्या अंगाखाली घातले आणि उठली. खाटेपर्यंत नेऊन ठेवलं.

"अगं, मला उचललंस?" द्वारकाबाई दुखणं विसरून बघत राहिल्या.

"व्हय, आत्या."

"कंबर धरंल की गं तुझी."

"न्हाय धरत."

हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी दीड महिना पाय टेकवू नका म्हणून सांगितलं. दीड महिना संजीवनीनेच त्यांना उचललं, बसवलं, अंघोळ घातली. वर्ग बुडाला. रात्री उरलेला भात खाऊन ती तिथेच आडवी व्हायची. चार किलो परत चढले.

"पुन्हा सुटाया लागलीस," सोपान म्हणाला.

"सुटू दे. सरका, आत्यांना बाहेर न्यायचंय."

तो सरकला. आपण त्याला सरका म्हणालो, हे तिच्या ध्यानात द्वारकाबाईंना ओट्यावर बसवल्यावर आलं. बरं वाटलं की काय, ते तिला ठरवता येईना.

सासू काठी घेऊन हिंडायला लागली तशी ती पुन्हा वर्गाला गेली. सुप्रियाने काटा पुढे केला. संजीवनी त्याला वळसा घालून वजनांपाशी गेली आणि पूर्वीपेक्षा मोठी जोडी घेतली. चौथ्या खेपेला दंड भरून आले, थरथरले, दुखले. ती थांबून दंड चोळत राहिली. दुखणं खरं होतं आणि ते तिचंच होतं.

"बास करू या का, ताई?"

"न्हाय. अजून एकदा."